त्याच दगडापाशी

गाडीतून उतरल्या उतरल्या लेकीनं चहूकडे पाहिलं आणि विचारलं, “आई, माझा दगड कुठंय?”

आम्ही नव्या जागी आलो होतो. आदल्या रात्री बराच वेळ शोधून मी ती जागा काढली होती. उंचावरचं पठार, खाली पसरलेलं तळं, छान वारा. लेक मात्र रडवेली झाली होती. आपल्याला भलतीकडेच आणलंय अशा नजरेनं माझ्याकडे बघत होती. तिचा दगड तिथे असणार कुठून? तो होता शहराच्या वेशीबाहेर, घरापासून जेमतेम पंचवीस मिनिटांवर, एका बारक्या ओहोळाच्या काठी. आठवड्यापूर्वी आम्ही तिथे सहज थांबलो होतो. बसलेल्या म्हशीएवढा काळा दगड, त्यावर मोठ्या झाडाची सावली. लेकीनं त्यावर काड्यांची रांग मांडली होती आणि निघताना “मी येईपर्यंत इथेच थांबा” असं काड्यांना बजावलं होतं. हे मी विसरले होते. ती विसरली नव्हती.

त्यानंतर उन्हाळाभर आम्ही दुसरीकडे कुठेही गेलो नाही. दर रविवारी तोच ओहोळ, तोच दगड. लेक तेव्हा चार वर्षांची होती, धाकटा सव्वा वर्षाचा, नुकता चालायला लागलेला. मैत्रिणी विचारायच्या, “कंटाळत नाहीत का गं मुलं?” मुलं कंटाळत नव्हती. तिसऱ्या रविवारी कंटाळले ती मी. सगळं पाहून झालंय असं मला वाटलं. पुढचे सात-आठ रविवार नसते, तर मी तिथे काहीच पाहिलं नव्हतं हे मला कधी कळलंच नसतं.

पण त्याआधी दोन वर्षांपूर्वीचा एक दिवस सांगायला हवा, कारण उन्हाळ्यात मुलांना बाहेर नेण्याबद्दल मी जे काही शिकले त्याची सुरुवात तिथे झाली.

लेक दोन वर्षांची होती. लांबची, नावाजलेली जागा निवडली होती. निघता निघता उशीर झाला, वाटेत गर्दी लागली, पोहोचेपर्यंत अकरा वाजून गेले. एवढ्या लांब आलोय तर सगळं बघून घेऊ म्हणून आम्ही उन्हातून चालत राहिलो. फोनवर तापमान पाहिलं होतं, फार काही नव्हतं. तासाभरात तिची बडबड थांबली. मला वाटलं, झोप आली असेल. चेहरा लालबुंद झाला होता, कपाळ तापलं होतं, आणि पाणी पाजायला गेले तर तिनं तोंड फिरवलं. मग उलटी झाली. आम्ही तिला उचलून सावलीत नेलं, कपडे काढले, ओल्या कापडानं अंग पुसत राहिलो, वारा घातला. अर्ध्या तासानं तिनं डोळे नीट उघडून पाणी मागितलं. तो अर्धा तास मला अजून मिनिटामिनिटानं आठवतो.

नंतर मी वाचत गेले आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. हवामानाच्या अंदाजातला आकडा सावलीतल्या हवेचा असतो. तापमापक हवेशीर पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवलेला असतो. माझी लेक तेव्हा एक मीटरही उंच नव्हती आणि उन्हात होती. म्हणजे मी जो आकडा पाहून निघाले होते, तो तिच्या डोक्यावरून जाणाऱ्या हवेचा होता. ती ज्या थरात चालत होती तिथे खालून तापलेली जमीन भाजत होती. भर उन्हातला डांबरी रस्ता हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी सहज जास्त तापतो. त्यात लहान मुलांचं वजन कमी, पण त्या मानानं कातडीचा पसारा मोठा. हवा अंगापेक्षा गरम असली की ते अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, आणि घामही मोठ्यांइतका सुटत नाही. शिवाय दोन वर्षांचं मूल “मला चक्कर येतेय” असं सांगत नाही. ते गप्प होतं. उन्हात मूल गप्प झालं की मी आता लगेच थांबते, मग समोर काहीही बघायचं राहिलेलं असो.

म्हणून आमची सहल आता पहाटे निघते आणि दहाच्या आत परतीला लागते. सकाळी मुलांना उठवणं जिवावर येतं खरं. पण झोपेतच गाडीत ठेवलं तरी चालतं, ओहोळापाशी पोहोचल्यावर वारा लागला की ती आपोआप जागी होतात. परतायचं कधी हे घड्याळ ठरवत नाही, लेक ठरवते. तिला एक युक्ती शिकवली आहे. मोकळ्यावर उभं राहायचं आणि आपली सावली बघायची. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर खेळायचं. सावली आपल्याएवढी झाली म्हणजे सूर्य बरोबर अर्ध्या आभाळावर, पंचेचाळीस अंशांवर आला. त्याहून सावली आखूड झाली की ऊन कातडीला बाधायला लागतं. ती सावलीच्या टोकाशी खडा ठेवते, मग स्वतः आडवी पडून मापते. “आई, मी संपले, सावली पण संपली. चला.” मी सांगितलं असतं तर रडारड झाली असती. सावलीशी वाद घालता येत नाही.

दोन गोष्टी मी इथे घाईनं सांगून टाकते, कारण त्यांत ललित काही नाही, पण त्या सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पहिली गाडीची. बंद गाडीत मूल एक मिनिटही ठेवू नये. बाहेर २२ अंश असतानाही आतलं तापमान तासाभरात ४७ अंशांपर्यंत जातं, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलंय. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि काच थोडी उघडी ठेवून काही फरक पडत नाही. दुसरी पाण्याची. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि ते आरडाओरडा करत नाही, हातपाय आपटत नाही, आवाजच होत नाही. आमचा ओहोळ घोट्याएवढाच. तरी धाकटा पाण्याजवळ असला की आमच्यापैकी एक जण हात लांबवला की तो पकडता येईल इतक्या अंतरावर असतो, आणि त्या एकाच्या हातात फोन नसतो.

आता त्या ओहोळाकडे.

गाडी लावतो तिथून झाडापर्यंत माझी शंभर-सव्वाशे पावलं. पहिल्या रविवारी मी पिशव्या घेऊन भराभर पुढे गेले आणि झाडाखाली सतरंजी घालून यांची वाट बघत बसले. धाकटा यायला पाऊण तास लागला. तो चार पावलं पुढे यायचा, मागे वळायचा, खाली बसायचा, वाळकं पान उचलायचा, पडायचा, उठून भलत्याच दिशेला निघायचा. नवरा त्याच्यामागे शांतपणे उभा होता. मला राहवत नव्हतं. “उचलून आण ना त्याला.” त्यानं आणलं नाही. तो म्हणाला, “त्याला यायचंच नाहीये तिकडे. तो चालतोय.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मला पुढे एका संशोधनात दिसलं. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांचं खेळताना चित्रण केलं आणि पावलं मोजली. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. ही मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि सतरा वेळा पडतात. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की एवढं चालणारी ही मुलं बहुतेक वेळा कुठे पोहोचायला म्हणून निघालेलीच नसतात. तासाला सतरा वेळा पडणं! इतक्या पडझडीनंतरही जे माणूस हसत उठतं, त्याला मी “लवकर चल” म्हणत होते. त्या आकड्यानं माझ्यात फरक पडला हे खरं आहे. आता मीही पिशव्या खाली ठेवते आणि त्या शंभर पावलांत त्याच्याबरोबर असते. त्यातच सहलीचा निम्मा वेळ जातो, जाऊ दे.

चौथ्या रविवारी, मी कंटाळून दगडाला टेकून बसले असताना, लेकीनं हाक मारली. दगडाचा एक कोपरा छपरासारखा पुढे आलेला आहे. त्याखाली पाऊस शिरत नाही, माती पिठासारखी बारीक आणि कोरडी राहते. त्या मातीत नाण्याएवढे खड्डे होते. दहा-बारा. प्रत्येक खड्डा नरसाळ्यासारखा, कडा इतक्या नेमक्या की कुणी भोवरा टेकवून उठवल्यासारख्या. तीन रविवार मी त्याच दगडावर बसत होते आणि माझ्या पायाशी ते होते.

आम्ही दोघी पोटावर पालथ्या झालो. एक मुंगी आली. कडेवरून तिचा पाय घसरला, माती सुटली, ती वर चढू लागली. तेवढ्यात खड्ड्याच्या तळातून मातीचा एक फवारा उडाला. चिमूटभरसुद्धा नसेल, पण मुंगीच्या अंगावर पडला आणि ती खाली गेली. दुसरा फवारा. मग तळाशी दोन आकडे दिसले, विंचवाच्या नांगीपेक्षा कितीतरी बारीक, आणि मुंगी मातीत ओढली गेली. सगळं दहा सेकंदांत. लेकीनं माझा दंड घट्ट धरला होता.

तो मुंगीसिंह. नाव सिंहाचं असलं तरी हा एका किड्याचा बालपणीचा अवतार आहे, मोठा झाला की चतुरासारखा पंखवाला होतो. तो मागे मागे सरकत, गोल गोल फिरत, डोक्यानं माती बाहेर उडवत हा खड्डा करतो. उतार इतका ठेवतो की माती जेमतेम तोलून राहावी, मुंगीच्या पायाचा भार पडला की सुटावी. मग तळाशी दडून वाट बघतो. दिवसेंदिवस वाट बघतो, आणि या अवतारात एक ते तीन वर्षंही काढतो. या काळात तो शी करत नाही. त्याच्या पोटाला मागे वाटच उघडी नसते, सगळं साठवून ठेवतो आणि पंख फुटल्यावर टाकतो. लेकीला या एका गोष्टीनं इतकं थक्क केलं की पुढचे चार दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिनं ती ऐकवली.

त्या मुंगीबद्दलही तिनं विचारलं. “तिची आई शोधत असेल का?” मी घाईघाईनं काही गोड उत्तर दिलं नाही. म्हटलं, “माहीत नाही. पण मुंगीसिंहालाही भूक लागते.” ती बराच वेळ खड्ड्याकडे बघत राहिली. मग एक गवताची काडी खड्ड्यात टाकली, एका टोकावरून दुसऱ्या टोकापर्यंत, पूल म्हणून. पुढच्या रविवारी काडी खड्ड्याबाहेर पडली होती. तिनं परत ठेवली. हे त्या दोघांत उन्हाळाभर चाललं, आणि मी मध्ये पडले नाही.

नवी जागा प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होते. मुलाची सगळी शक्ती इथे बसायचं कुठे, शू कुठे करायची, आई दिसतेय का, हे बघण्यातच जाते. ओळखीच्या जागी ते आल्या आल्या कामाला लागतं. तीच गोष्ट शंभरदा ऐकणारी मुलं आहेत ही, तीच ओळ तशीच्या तशी आली पाहिजे म्हणून हटून बसणारी. जागेच्या बाबतीत मात्र आपण त्यांना दर आठवड्याला नवी गोष्ट सुरू करून देतो आणि पहिल्याच पानावर मिटून टाकतो.

त्या उन्हाळ्यात आमच्यासमोर एक गोष्ट पुढे सरकत होती. पाणी आटत होतं. हे पहिल्यांदा कळलं खड्यांमुळे. लेकीनं एकदा पाण्याच्या कडेनं पांढरे खडे ओळीनं मांडले होते. पुढच्या वेळी आलो तर ओळ कोरड्यावर. तिला वाटलं, कुणीतरी तिचे खडे हलवले. तिनं नवीन ओळ मांडली, पाण्याला लागून. पुढच्या रविवारी तीही कोरडी. तेव्हा ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, खडे नाही हलले. पाणी हललं.” चार वर्षांच्या मुलीनं सात दिवस मध्ये गेलेले असताना हे जुळवलं. मला तेव्हा जे वाटलं ते कुठल्याही प्रगतिपुस्तकानं वाटणार नाही.

उन्हाळा संपत आला तेव्हा खड्यांच्या सहा ओळी होत्या, एकीपेक्षा एक आतली. पाण्यावर धावणाऱ्या पाणनिवळ्या आधी सगळीकडे विखुरलेल्या असायच्या, त्या शेवटच्या डबक्यात दाटीनं गोळा झाल्या होत्या. त्यांच्या पायांखाली पाणी दबतं, आणि उथळ तळावर त्या दबलेल्या ठिकाणांच्या गोल सावल्या पडतात. किडा काडीसारखा आणि सावली टिकल्यांची. धाकटा त्या टिकल्या पकडायला हात घालायचा. मग एका रविवारी पाणीच नव्हतं. ओला चिखल, त्यावर पक्ष्यांच्या पायांची नक्षी. “पाणनिवळ्या कुठे गेल्या?” मी तिला सांगितलं की त्यांतल्या काहींना पंख असतात, त्या दुसऱ्या पाण्याकडे उडून जाऊ शकतात. “आणि ज्यांना नाहीत?” ती पुढे काही बोलली नाही. मीही.

दुपार व्हायच्या आत परत येताना गाडीची काच खाली असली की शहराची वेस नाकाला आणि गालाला कळते. झाडं संपतात, भिंती सुरू होतात, आणि हवेचा गरम पदर तोंडावर येतो. हे दोनशे वर्षांपूर्वी एका माणसानं मोजलं होतं. ल्यूक हॉवर्ड त्यांचं नाव. व्यवसायानं औषधं बनवणारे, पण लक्ष कायम आभाळाकडे. लंडनच्या आतल्या आणि बाहेरच्या तापमानाच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि १८१८ साली छापून दाखवलं की शहर आजूबाजूच्या मोकळ्या भागापेक्षा उबदार असतं, विशेषतः रात्री. ढगांच्या प्रकारांना आज जगभर वापरली जाणारी लॅटिन नावंही याच माणसानं दिली, क्युम्युलस, स्ट्रॅटस, सिरस. झाडाखाली पाठीवर पडून मुलं ढग बघतात तेव्हा मला त्यांची आठवण येते. ढगांकडे तासन्‌तास बघणाऱ्यालाच शहर तापल्याचं कळलं, याचं मला नवल वाटत नाही.

कधी कधी रात्री, मुलं झोपल्यावर, मनात येतं की धाकट्याला यातलं काय आठवणार? काहीच नाही. मोठ्या माणसांच्या सगळ्यात जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाच्या असतात, त्याआधीचं पुसलेलं. लेकीचंही काही सांगता येत नाही. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांबद्दलच्या गप्पा नोंदवून ठेवल्या, आणि पुढे त्याच मुलांना ते प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या वयात मुलांना त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या वयात चाळीस टक्क्यांहून कमी. म्हणजे आता ती जे इतकं रंगवून सांगते, तेही काही वर्षांत हातातून निसटून जाईल.

हे वाचलं त्या रात्री मला वाईट वाटलं. मग लक्षात आलं की चालायला शिकल्याचंही कुणाला आठवत नाही, पण चालता येतं. ओबडधोबड जमिनीवर धाकटा आता पाय कसा टाकतो ते मी बघते. आधी बोटांनी चाचपतो, मग टाच. हे घराच्या फरशीवर शिकता आलं नसतं. आणि डोळ्यांचं तर कळतही नाही. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात बारा शाळांमध्ये एक प्रयोग झाला होता. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा मोकळ्यावर ठेवलं. २०१५ साली निष्कर्ष आले. तीन वर्षांत त्या मुलांतल्या ३०.४ टक्क्यांना जवळचं दिसतं पण लांबचं नीट दिसत नाही असा डोळ्यांचा दोष आला, इतर मुलांत ३९.५ टक्क्यांना. यामागे मोकळ्यावरचा उजेड असावा असं मानलं जातं, आणि तो उजेड उन्हातच मिळतो असं नाही. झाडाच्या सावलीतला उजेडही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो.

पण खरं सांगते, मी तिथे डोळ्यांसाठी नेत नाही, पायांसाठीही नाही. माझ्या मुलांना या एवढ्या मोठ्या जगात घराबाहेरची एक जागा आपली वाटावी, एवढंच मला हवं आहे. जिथे कुठला दगड हलतो आणि कुठला नाही हे त्यांना माहीत आहे, जिथे कुणी नवीन आलं तर ती त्याला दाखवतील.

यंदा उन्हाळा लागल्यावर पहिल्याच रविवारी गेलो. लेक पाच वर्षांची झाली आहे. गाडीतून उतरल्यावर ती पळाली नाही. तिनं धाकट्याचा हात धरला आणि त्याच्या चालीनं, पाऊण तास लावून, त्याला दगडापर्यंत आणलं. वाटेत “इथे काटे असतात”, “हा हलतो, यावर पाय नको” असं चाललं होतं. दगडाखाली वाकून बघितलं. खड्डे होते. काडी नव्हती. मग तिनं दगडावर थाप मारली आणि त्याला म्हणाली, “हा माझा. पण तू बसू शकतोस.”

धाकट्यानं दगडाकडे पाहिलं. तिचा हात सोडवला, ओहोळाच्या कोरड्या पात्रात उतरला, पडला, उठला, आणि मूठभर आकाराच्या एका तांबूस धोंड्यापाशी जाऊन बसला. दोन्ही हात त्यावर ठेवून त्यानं वर पाहिलं.

लेक क्षणभर थांबली. मग खाली उतरली आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.